पिनविना व्यवहार आणि ‘नको’ म्हणायचा हक्क

बँकेकडून नवं डेबिट कार्ड आलं, की त्यावर एका कडेला आडव्या पडलेल्या चार कमानींची खूण दिसते. दुकानांत याला सर्रास ‘वायफायचं कार्ड’ म्हणतात. वायफायशी त्याचा काही संबंध नाही. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की हे कार्ड मशीनमध्ये न घालता नुसतं टेकवलं तरी पैसे जातात आणि ५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला पिनही लागत नाही. यालाच कॉन्टॅक्टलेस किंवा साध्या बोलीत ‘टॅप’ म्हणतात.

ज्यांना ही सोय आवडते त्यांनी ती खुशाल वापरावी. पण ज्यांना ती नको, त्यांना ती बंदही करता येते, तेही कार्ड न बदलता. आपल्याकडे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि तो रिझर्व्ह बँकेने लेखी दिलेला आहे. तरीही तो फारसा कुणाला माहीत नसतो. म्हणून कुणी कार्डाला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून ठेवतं, कुणी कात्रीने कार्डाची कड कापून पाहतं, तर कुणी भीतीने कार्ड कपाटातच ठेवून देतं. यातलं काहीच करायची गरज नाही. गरज आहे ती टॅपमध्ये नेमकं काय घडतं, धोका कुठे आहे आणि कुठे नाही, हे समजून घेऊन आपला निर्णय आपण घेण्याची.

टेकवल्यावर काय घडतं

कार्डाच्या प्लास्टिकच्या थरांमध्ये कडेकडेने बारीक धातूच्या तारेचे काही वेढे असतात. काही कार्डांच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरला, तर ते दिसतातही. हाच कार्डाचा अँटेना. कार्डात बॅटरी नसते. दुकानातल्या मशीनभोवती १३.५६ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र तयार झालेलं असतं. कार्ड त्यात आलं, की वेढ्यांत वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप कामाला लागते. हे क्षेत्र फार दूर पोचत नाही. कार्ड मशीनपासून चारेक सेंटिमीटरवर आणावं लागतं.

मग मशीन चिपला रक्कम, तारीख आणि त्या वेळेपुरता तयार केलेला एक आकडा पाठवतं. चिप आपल्या आत जपलेल्या गुप्त किल्लीने त्यावर प्रक्रिया करून एक सांकेतिक उत्तर देते. कार्डाने आजवर किती व्यवहार केले, ही मोजणीही त्या उत्तरात गुंफलेली असते. ते बँकेच्या सर्व्हरकडे जातं. सर्व्हर उत्तर आणि खात्यातली शिल्लक तपासतो आणि होकार किंवा नकार कळवतो. हे सगळं होईपर्यंत आपल्याला फक्त ‘बीप’ ऐकू येतो.

दर व्यवहाराचं उत्तर वेगळं असल्यामुळे एकदा हवेतून पकडलेलं उत्तर पुन्हा वापरून पैसे काढता येत नाहीत. जुन्या काळ्या चुंबकीय पट्टीच्या कार्डांत ही सोय नव्हती. तिथली माहिती जशीच्या तशी उतरवून नकली कार्ड बनवता येत असे, आणि म्हणूनच २०१८ अखेरपर्यंत बँकांना पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यावी लागली. अनेकांच्या हाती टॅपचं कार्ड पहिल्यांदा आलं ते या अदलाबदलीत. त्यांनी मागितलं नव्हतं, पण जुन्या कार्डाच्या जागी आलं ते हेच.

मात्र टॅप करताना दोन गोष्टी उघडपणे जातात, कार्डाचा क्रमांक आणि त्याची मुदत. कार्डामागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, जात नाहीत.

नियम काय सांगतो

आपल्याकडे दुकानात डेबिट कार्ड वापरताना पिन सक्तीचा झाला तो डिसेंबर २०१३ पासून. त्याआधी कार्ड घासून सही केली, की काम होत असे. पिनची सवय अंगवळणी पडते न पडते तोच १४ मे २०१५ रोजी रिझर्व्ह बँकेने छोट्या रकमांना सूट दिली. टॅपने होणाऱ्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन विचारला नाही तरी चालेल, असं ठरलं. त्याच परिपत्रकात एक वाक्य आहे, ज्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. रक्कम मर्यादेच्या आत असली, तरी ग्राहकाला कार्ड मशीनमध्ये घालून पैसे द्यायचे असतील तर तशी सोय करून द्यावीच लागेल, टॅपची सक्ती करता येणार नाही. म्हणजे काउंटरवरचा माणूस ‘टॅपच करा, आत घालू नका’ म्हणाला, तर ‘आत घालूनच करा, मी पिन टाकते’ असं ठामपणे सांगायला नियमाचा आधार आहे.

खरी कळ पुढच्या परिपत्रकात आहे. १५ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कार्डांच्या सुरक्षेसाठी नवे नियम काढले. नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये, तेही आत घालूनच चालावं. ऑनलाइन खरेदी, परदेशातला वापर आणि टॅप या तिन्ही गोष्टी ग्राहकाने सांगितल्यावरच सुरू व्हाव्यात. ज्या जुन्या कार्डावर यांपैकी एखादी सोय कधीच वापरली गेली नव्हती, त्यावर ती बंद करणं बँकांना बंधनकारक केलं. शिवाय प्रत्येक प्रकारचा व्यवहार हवा तेव्हा चालू-बंद करण्याची आणि त्याची मर्यादा आपणच ठरवण्याची सोय चोवीस तास, मोबाइल ॲप, नेट बँकिंग, एटीएम, फोनवरची स्वयंचलित सेवा अशा एकाहून अधिक मार्गांनी द्यावी, आणि त्यात बदल झाला की एसएमएस किंवा ईमेलने कळवावं, असंही ठरलं. करोनामुळे अंमलबजावणी लांबली आणि नियम प्रत्यक्षात आले ते ऑक्टोबर २०२० मध्ये.

त्याच वर्षी डिसेंबरच्या पतधोरणात टॅपची मर्यादा २,००० वरून ५,००० रुपये करण्याचं जाहीर झालं आणि १ जानेवारी २०२१ पासून ती लागू झाली. करोनाच्या दिवसांत मशीनच्या बटणांना हात लावणं लोक टाळत होते, हा त्यामागचा संदर्भ. पण ही वाढही ग्राहकाच्या मर्जीवर आहे, असं तेव्हाच्या निवेदनात म्हटलं होतं. सर्वांत वरची रेघ ५,००० ची, तिच्या आत स्वतःची रेघ आखायची मोकळीक आपल्याला.

मूळ गृहीत बघा. टॅप बंदच असायचा, आणि हवा असेल तर आपण सुरू करायचा. ब्रिटनमध्ये गोष्ट उलट घडली. तिथे २००७ मध्ये १० पौंडांच्या मर्यादेने टॅप सुरू झाला. बँका टॅप चालू असलेलीच कार्डं देत गेल्या आणि ज्यांना नको असेल त्यांनी बँकेकडे वेगळं कार्ड मागायचं, अशी वेळ आली. २०२१ मध्ये तिथली मर्यादा १०० पौंडांवर गेली. मात्र तिथे लागोपाठ ठरावीक टॅप झाले किंवा त्यांची बेरीज एका रकमेपलीकडे गेली, की पिन विचारण्याची पद्धत रुजली. आपल्याकडे दिवसाला किंवा आठवड्याला किती टॅप होऊ द्यायचे, हे त्या त्या बँकेवर सोडलेलं आहे. म्हणून आपल्या बँकेत ही अट आहे का, हे ज्याने त्याने विचारून घ्यायला हवं.

खरी भीती आणि खोटी भीती

गर्दीच्या लोकलमध्ये कुणीतरी हातात कार्ड मशीन घेऊन लोकांच्या मागच्या खिशाला लावतो आणि पैसे उडवतो, असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. तंत्राच्या दृष्टीने हे अशक्य नाही, पण चोराच्या दृष्टीने फार तोट्याचं आहे. मशीन मिळवायचं तर बँकेकडे व्यापारी म्हणून नाव, पत्ता, पॅन, खातं अशी सगळी कागदपत्रं द्यावी लागतात. पैसे त्या खात्यात जमा होतात, तेही सहसा लगेच नाही. ज्याचे गेले त्याच्या फोनवर त्याच क्षणी एसएमएस येतो. पाकिटात शेजारी शेजारी दोन-तीन कार्डं असतील, तर मशीन गोंधळतं आणि व्यवहारच होत नाही. इतका माग सोडून पाचशे रुपये चोरणारा चोर विरळा.

खरा धोका साधा आहे. कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं, तर सापडणाऱ्याला पिन माहीत असायची गरज उरत नाही. बँकेची आणखी काही मर्यादा नसेल तर दुकानामागून दुकान फिरत तो पाच-पाच हजारांच्या आतली खरेदी करू शकतो. कार्ड हरवल्याचं आपल्या लक्षात येईपर्यंत किती वेळ जातो, यावर नुकसान किती ते ठरतं. ज्यांच्या पाकिटात कार्ड महिना-महिना न वापरता पडून असतं आणि बँकेचे एसएमएस ज्या फोनवर येतात तो मुलाकडे असतो, अशा आजी-आजोबांना याची झळ सर्वांत जास्त बसू शकते.

दुसरा धोका चुकीच्या रकमेचा. हॉटेलमध्ये वेटर कार्ड घेऊन काउंटरवर जातो आणि येताना पावती आणतो. मशीनवर काय आकडा टाकला गेला, हे आपण पाहिलेलं नसतं. पिन टाकताना आपण निदान पडद्याकडे बघतो, टॅपमध्ये तोही थांबा गळून जातो.

तिसरा धोका थोडा तांत्रिक आहे. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं, की हातात दुसऱ्याचं व्हिसा कार्ड आणि दोन फोन असले, तर मर्यादेपलीकडच्या टॅपलाही पिनशिवाय पुढे ढकलता येतं. ग्राहकाची ओळख फोनवर आधीच पटलेली आहे, असं मशीनला भासवायचं, ही त्यातली युक्ती. ऑगस्ट २०२४ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने झेक प्रजासत्ताकातल्या फसवणुकीचा अहवाल दिला. तिथे लोकांना बँकेच्या नावाने खोटं ॲप घ्यायला लावलं, त्यात पिन टाकायला सांगितला आणि ‘पडताळणीसाठी कार्ड फोनच्या मागे धरा’ असं सांगितलं. फोनने वाचलेलं कार्ड त्याच क्षणी चोराच्या फोनवर पोचत होतं. यातून घ्यायचा धडा एकच, कुणी फोनवर सांगतं म्हणून आपलं कार्ड आपल्याच फोनला टेकवायचं नाही.

टॅपच्या बाजूनेही बोलायला हवं

बंद करण्याचा सल्ला सरसकट सगळ्यांना देणं मला पटत नाही, कारण पिनचीही स्वतःची चोरवाट आहे. पेट्रोल पंपावरचं दृश्य आठवा. कर्मचारी गाडीच्या खिडकीतून मशीन आत देतो, वायर किंवा सिग्नल पुरत नाही म्हणून ते परत घेतो आणि विचारतो, ‘पिन काय टाकू?’ आणि गाडीतला माणूस चार आकडे मोठ्याने सांगतो. मागे रांगेत उभे असलेले दुचाकीवाले ते ऐकत असतात. हा पिन नंतर कार्डासकट कुणाच्या हाती लागला, तर एटीएममधून पैसे काढता येतात आणि ते नुकसान पाच हजारांपाशी थांबत नाही. ज्यांना असं पिन सांगायची सवय आहे, त्यांच्यासाठी टॅप अधिक सुरक्षित आहे.

अंध व्यक्तींचंही तसंच. नव्या मशीनवर बटणं नसून नुसती काच असते. काचेवरचे आकडे बोटांना लागत नाहीत, त्यामुळे त्यांना पिन दुकानदाराला सांगावा लागतो. हात थरथरणाऱ्या ज्येष्ठांची, लकव्यानंतर एकच हात चालणाऱ्यांचीही हीच अडचण. त्यांना टॅपने पिन गुप्त ठेवता येतो आणि व्यवहारही स्वतःचा स्वतः करता येतो. अशा माणसाच्या कार्डावरचा टॅप घरच्यांनी काळजीपोटी परस्पर बंद करून टाकू नये.

म्हणून प्रश्न असा विचारावा, माझ्या बाबतीत काय होण्याची शक्यता जास्त, कार्ड हरवण्याची की पिन उघड होण्याची? आणि हे कार्ड कोणत्या खात्याचं आहे? डेबिट कार्ड थेट बचत खात्याला जोडलेलं असतं. पगार, पेन्शन, मुदत ठेवीचं व्याज तिथेच जमा होतं, घराचा हप्ता तिथूनच जातो. चुकीचा टॅप झाला, तर तो पैसा त्या क्षणी आपल्या खात्यातून गेलेला असतो आणि तो परत मिळवायला आपल्याला धावावं लागतं. क्रेडिट कार्डावर निदान बिल भरण्याआधी वाद घालायला वेळ मिळतो. घरात दोन्ही कार्डं असतील, तर टॅप क्रेडिट कार्डावर ठेवून डेबिट कार्डावर बंद करणं, हा मला सर्वांत समंजस मार्ग वाटतो. फक्त डेबिट कार्डच असेल आणि टॅप हवा असेल, तर एखादं वेगळं खातं उघडून त्यात किरकोळ खर्चापुरतेच पैसे ठेवावेत आणि त्याचं कार्ड रोजच्या पाकिटात ठेवावं.

बंद कसं करायचं

बँकेचं ॲप उघडून कार्डांच्या विभागात जा. बँकेगणिक नाव थोडं वेगळं असेल, ‘मॅनेज कार्ड’, ‘कार्ड कंट्रोल’ किंवा ‘कार्ड युसेज’. आपलं कार्ड निवडलं, की देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय असे दोन भाग दिसतात आणि त्यांत एटीएम, पीओएस म्हणजे दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि कॉन्टॅक्टलेस अशी वेगवेगळी बटणं. त्यातलं फक्त कॉन्टॅक्टलेस बंद करा. पीओएस बंद केलंत, तर पिन टाकूनही दुकानात कार्ड चालणार नाही. पूर्ण बंद करायचं नसेल, तर तिथेच मर्यादा कमी करता येते. पाचशे रुपयांपर्यंत टॅप, त्यापुढे पिन, अशी रचना बऱ्याच घरांना सोयीची पडेल. त्याच पडद्यावर आंतरराष्ट्रीय वापर चालू दिसला आणि परदेशी जायचं नसेल, तर तोही बंद करा. परदेशातल्या अनेक वेबसाइटवर ओटीपी न मागताच पैसे जातात, म्हणून हे बटण टॅपच्या बटणाइतकंच महत्त्वाचं आहे.

ॲप नसेल, तर नेट बँकिंग, बँकेचं एटीएम किंवा ग्राहक सेवेचा क्रमांक यांपैकी काय चालतं ते विचारा. हा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच वापरावा, इंटरनेटवर शोधून मिळालेला नाही. बदल केल्यावर एसएमएस आला का ते पाहा, आणि पुढच्या खरेदीला कार्ड एकदा मुद्दाम टॅप करून बघा. व्यवहार नाकारला गेला, की काम झालं.

हे बटण बहुतेक वेळा बँकेच्या सर्व्हरवर असतं, कार्डात नसतं. म्हणजे टॅप बंद केल्यावरही चिप मशीनला उत्तर देतच असते, बँक फक्त पैसे द्यायला नकार देते. पैशांच्या दृष्टीने तेवढं पुरेसं आहे. कड कापण्याचा उद्योग मात्र करू नये, त्यात चिपच निकामी होऊन कार्ड मशीनमध्ये घालूनही चालेनासं होऊ शकतं. आणि टॅप बंद करणं म्हणजे कार्ड ब्लॉक करणं नव्हे. कार्ड हरवलं तर ते ताबडतोब ब्लॉकच करावं लागतं.

मेट्रोने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मार्च २०१९ मध्ये ‘एक देश, एक कार्ड’ म्हणून आलेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात एक वेगळी शिल्लक चिपमध्येच साठवलेली असते. मुंबई, पुणे, नागपूरच्या मेट्रोत फाटकावर कार्ड टेकवल्यावर भाडं तिच्यातून वजा होतं, पिनही नाही आणि बँकेला विचारणंही नाही. ही शिल्लक खिशातल्या नोटांसारखी आहे, कार्ड ज्याच्या हातात त्याची. तिच्यात लागतील तेवढेच पैसे भरावेत. काही डेबिट कार्डांतही ही सोय असते, आणि खात्यावरचा टॅप बंद केला म्हणजे ही शिल्लकही बंद झाली, असं गृहीत धरू नये.

पैसे गेलेच तर

आधी कार्ड ब्लॉक करा, मग बँकेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. फसवणूक असेल तर १९३० या हेल्पलाइनवरही कळवा. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने घालून दिलेलं तत्त्व असं आहे, की दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. उशीर होत जाईल तसा भार वाढतो. ग्राहकाचा हलगर्जीपणा असला, तरी खबर दिल्यानंतर झालेलं नुकसान बँकेने सोसायचं. आणि चूक ग्राहकाची होती, हे सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवर. म्हणून ‘रविवारी बँक बंद होती’ म्हणून सोमवारपर्यंत थांबू नये. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी माहिती हवी असेल तर क्रमांक १४४४८.

इतका स्पष्ट नियम असूनही तो माणसांपर्यंत का पोचत नाही, याचं उत्तर मला शाखेच्या काउंटरवर दिसतं. रिझर्व्ह बँकेने ॲप, एटीएम, फोन यांवर ही सोय सांगितली, पण शाखेत ती देणं बँकेच्या मर्जीवर सोडलं. आणि ज्यांना या सोयीची सर्वांत जास्त गरज आहे, ती माणसं तर शाखेतच येतात, पासबुक भरून घ्यायला. माझं ठाम मत आहे, की कार्ड हातात देताना प्रत्येक बँकेने मराठीत दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत, ‘टॅप हवा का?’ आणि ‘किती रुपयांपर्यंत?’ आणि उत्तर फॉर्मवर लिहून घ्यायला हवं. घाईत सगळी बटणं एकदम सुरू करून दिलेला होकार हा विचारपूर्वक दिलेला होकार नव्हे.

तोवर हे काम घरातल्या कर्त्यांनी करावं. आधी स्वतःच्या कार्डाची बटणं तपासा, मग आई-वडिलांजवळ बसून त्यांना विचारा. टॅप त्यांना हवा असेल तर किती रकमेपर्यंत हेही त्यांनीच ठरवू दे, आणि नको असेल तर बटण त्यांच्याच बोटाने बंद होऊ दे.